मैदान आपले, नोंदवही कोणाची?

फेब्रुवारी संपत आला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वस्त्यांमध्ये दोन कामे बरोबरीने सुरू होतात. एक, १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी. दुसरे, जयंतीनिमित्त होणाऱ्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेची जुळवाजुळव. पूर्वी या स्पर्धेला फारसे काही लागत नसे. एक मोकळे मैदान, चुन्याची फक्की, दोन पंच, भाड्याचा माईक आणि जाडजूड वहीत धावा लिहिणारा एखादा बारावीतला मुलगा. आज स्पर्धेच्या बॅनरवरच लिहिलेले असते, ‘सर्व सामन्यांचा लाइव्ह स्कोअर मोबाईलवर’. संघांची नोंदणी गुगल फॉर्मवर, प्रवेश फी क्यूआर कोडवर, गुणतक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि काही ठिकाणी खेळाडूंचा लिलाव पडद्यावर. त्यापुढची पायरी म्हणजे ‘तुमच्या लीगसाठी खास सॉफ्टवेअर बनवून देतो’ असा प्रस्ताव घेऊन मंडळाकडे येणारा डेव्हलपर.

हा बदल नुसता हौसेचा नाही. खेळ संपल्यावर मागे उरते ती नोंद. कोण खेळला, किती धावा केल्या, कोणाचे वय किती, पैसे कोणी भरले, वाद झाला तेव्हा निर्णय काय लागला, हे सारे तिच्यात असते. ही नोंद वहीतून सॉफ्टवेअरमध्ये गेली की तिचा मालक बदलतो. वहीचा मालक मंडळ होते. सॉफ्टवेअरमधल्या नोंदीचा मालक कोण, हे आपण अजून विचारलेलेच नाही. या लेखात तेवढाच प्रश्न घ्यायचा आहे. कोणते ॲप चांगले, हा प्रश्न त्यानंतरचा.

नोंद म्हणजे पुरावा

आपल्या समाजाला नोंदीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. जातीचा दाखला काढताना पूर्वजांची एक जुनी नोंद सापडेपर्यंत किती खेटे घालावे लागतात, हे घराघराला माहीत आहे. खेळातही तसेच आहे.

पळवणकर बाळू हे भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे गोलंदाज मानले जातात. जन्म १८७६, धारवाडचा, जात चांभार. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदान राखण्याचे काम करता करता ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. पुढे हिंदू संघाने त्यांना खेळवले, कारण त्यांच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता. पण चहाच्या वेळी त्यांना वेगळे बसावे लागे आणि चहा मातीच्या भांड्यात मिळे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला गेले आणि १९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहून हरले. हेही इतिहासात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

बाळूंची ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली कशी? एक कारण म्हणजे त्या काळच्या सामन्यांचे धावफलक छापले गेले आणि टिकले. कोणी कितीही म्हटले की ‘तो साधाच गोलंदाज होता’, तरी बळींचा आकडा खोडता येत नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, तेव्हा बाळूंना मध्यवर्ती स्थान देता आले ते अशा नोंदींच्या आणि विठ्ठल यांनी मराठीत लिहिलेल्या आत्मचरित्राच्या बळावर.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नायगाव, देगलूर, किनवट, उदगीर, अहमदपूर, निलंगा या भागांत जयंतीच्या मैदानांवर किती चांगले खेळाडू होऊन गेले असतील? त्यांच्या नावाच्या आठवणी आहेत, नोंदी नाहीत. वह्या रद्दीत गेल्या. म्हणून मोबाईलवर धावफलक ठेवण्याची सोय आली, ही मुळात आनंदाची गोष्ट आहे. वस्तीतल्या पोराच्या खेळीची चेंडूगणिक नोंद होऊ लागली, असे आपल्याकडे पूर्वी क्वचितच घडले असेल. पण ती टिकेल का आणि आपल्या हातात राहील का, हे पाहावे लागेल.

फुकटात मिळते ते काय

हौशी क्रिकेटसाठी आज देशात सर्वाधिक परिचित असलेले ॲप म्हणजे क्रिकहीरोज. अहमदाबादच्या कंपनीचे हे ॲप टेनिस बॉल स्पर्धांमध्ये सर्रास वापरले जाते. स्पर्धा तयार करा, संघ भरा, चेंडूगणिक स्कोअर टाका. धावफलक, गुणतक्ता, सर्वाधिक धावा-बळींच्या याद्या आपोआप तयार होतात. प्रत्येक खेळाडूचे स्वतःचे पान बनते आणि ते मोबाईल नंबरशी जोडलेले असते. मूळ स्कोअरिंगला पैसे पडत नाहीत. अधिक खोलातली आकडेवारी हवी असेल तर वर्गणी भरावी लागते. जाहिराती आणि वर्गणी यांवर असे व्यवसाय चालतात. यात गैर काही नाही.

यातून नवे रोजगारही आले आहेत. स्कोअरर सामन्यागणिक मानधन घेतो. दोन कॅमेरे लावून यूट्यूबवर प्रक्षेपण करणारी मुले आहेत. मोबाईलवर ग्राफिक्स बनवणारे आहेत. टेनिस बॉलचा खेळ स्वतःच मोठा झाला आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही टेनिस बॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि गल्लीतल्या खेळाडूला पहिल्यांदा दूरचित्रवाणीवरचे मैदान दिसले. मराठवाड्यातले तरुण मोठ्या क्रिकेटमध्येही दिसू लागले आहेत. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषक विजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. वस्तीतल्या मुलांना स्वप्ने पडणारच.

पण हे लक्षात घ्या. अशा ॲपवर स्पर्धा मंडळाची असली तरी जागा दुसऱ्याची असते. अटी तो ठरवतो आणि त्या बदलूही शकतो. स्पर्धा सुरू करणाऱ्या मुलाच्या नंबरवर सारे खाते असते. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की पाच वर्षांच्या स्पर्धांचा ताबा त्याच्या बंद सिमकार्डाबरोबर जातो. वही निदान विहाराच्या कपाटात तरी असायची.

नियम आधी, सॉफ्टवेअर नंतर

सॉफ्टवेअर निःपक्षपाती असते, असा एक समज आहे. ‘कॉम्प्युटरनेच काढले’ म्हटले की वाद मिटतो. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेले नियमच. ते चुकीचे लिहिले तर चूकही तितक्याच ठामपणे बाहेर येते.

नेट रनरेटचे उदाहरण घ्या. जयंतीच्या स्पर्धांमध्ये सर्वांत मोठी भांडणे यावरूनच होतात. समजा, आठ षटकांच्या सामन्यात ‘अ’ संघाने ८० धावा केल्या. ‘ब’ संघ सहा षटकांत ६० धावांवर सर्वबाद झाला. ‘अ’ चा रनरेट ८० भागिले ८, म्हणजे १०. ‘ब’ चा किती? एक्सेलमध्ये पटकन ६० भागिले ६ केले तर तोही १० येतो आणि ‘अ’ चा नेट रनरेट शून्य होतो. वीस धावांनी जिंकूनही शून्य! नियम असा आहे की संघ सर्वबाद झाला तर त्याची पूर्ण षटके धरायची. म्हणजे ६० भागिले ८, उत्तर ७.५. ‘अ’ चा नेट रनरेट अधिक २.५. उपांत्य फेरीत कोण जाणार, हे या एका भागाकारावर ठरते.

दुसरी नेहमीची चूक षटकांच्या लिखाणात होते. ७.३ षटके म्हणजे सात षटके आणि तीन चेंडू. सहापैकी तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक. भागाकार करताना ते ७.५ धरायला हवे. पण एक्सेलला ते कोणी सांगितले नाही तर तो ७.३ च धरतो. घरी बनवलेल्या तक्त्यात आणि घाईत बनवलेल्या ‘खास’ सॉफ्टवेअरमध्ये ही चूक सहज राहून जाते. नामांकित ॲपचा एक फायदा इथे आहे. हजारो स्पर्धांमध्ये वापरल्याने अशा चुका कधीच्या निघालेल्या असतात.

सामन्यांच्या वेळापत्रकाचेही तसेच. सोळा संघ आले तर प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटल्यास १२० सामने होतात. दिवसाला सहा सामने धरले तर वीस दिवस. थेट बाद फेरी घेतली तर १५ सामन्यांत सगळे आटोपते, पण आठ संघ एका सामन्यात घरी जातात. ज्या संघाने हदगावहून किंवा जळकोटहून टेम्पो करून मुले आणली, त्याला तेवढ्यासाठी फी भरावी लागली. चार-चार संघांचे चार गट करून प्रत्येकी दोन संघ पुढे घेतले तर ३१ सामने होतात, आणि प्रत्येकाला किमान तीन खेळायला मिळतात. सॉफ्टवेअर यातली कोणतीही पद्धत एका क्लिकवर आखून देईल. पण कोणती पद्धत न्याय्य, हे ते सांगणार नाही. एप्रिलच्या उन्हात, पारा चाळिशी ओलांडत असताना, दुपारी एकचा सामना कोणाच्या वाट्याला घालायचा हेही ते सांगणार नाही. तो निर्णय आयोजकांचा, आणि तो आधी लिहून जाहीर करायचा असतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. बौद्ध भिक्खूसंघांमध्ये आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्यांचे नियम होते. त्यातून एक साधी गोष्ट घेता येते. सर्वांना आधी माहीत असलेला नियम असेल तर हरणाराही निकाल मान्य करतो. पंचाच्या आणि सॉफ्टवेअरच्या मागे उभा असतो तो हा जाहीर नियम. तो नसेल तर महागडे सॉफ्टवेअर घेऊनही अंतिम सामना भांडणातच संपेल.

बुद्धिबळाने हे कसे साधले ते पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या स्पर्धेतही कोण कोणाशी खेळणार हे सॉफ्टवेअर ठरवते. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ हेर्झोग यांचे स्विस-मॅनेजर हे त्यातले सर्वपरिचित. पण जोड्या लावण्याचा नियम त्या सॉफ्टवेअरचा नाही. तो फिडे या जागतिक संघटनेचा आहे, छापलेला आहे, आणि सॉफ्टवेअरने तो पाळला आहे का हे तपासूनच त्याला मान्यता मिळते. निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर सर्वांना फुकट दिसतात. जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखसारख्या खेळाडूची वाटचाल कोणालाही डावागणिक मागे जाऊन पाहता येते, ती या व्यवस्थेमुळे. नियम एका जागी, सॉफ्टवेअर दुसऱ्या जागी, नोंद सर्वांसाठी उघडी. आपल्या टेनिस बॉल क्रिकेटला, कबड्डीला, व्हॉलीबॉलला गाव पातळीवर अशी रचना नाही. ती आपणच बसवू शकतो.

लिलाव आणि मिसळण

अलीकडे ‘प्रीमियर लीग’ नावाने लिलावाच्या स्पर्धा वाढल्या आहेत. खेळाडू नोंदणी करतात, संघमालक पॉइंट्समध्ये बोली लावतात, सॉफ्टवेअर हिशेब ठेवते. याच्या दोन्ही बाजू आहेत. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या बोलिंग लीग ओस पडत चालल्याचे उदाहरण घेऊन दाखवले की हौशी खेळाच्या लीग ही माणसे जोडणारी व्यवस्था असते. पण जोडणेही दोन प्रकारचे. आपल्यातल्याच लोकांना घट्ट बांधणारे, आणि परक्यांशी पूल बांधणारे. वस्तीवार संघ पहिले काम करतात. लिलावात मात्र बौद्ध वस्ती, मुस्लिम मोहल्ला, तांडा आणि गावठाण इथली मुले एका जर्सीत येतात. जातीच्या भिंतींमुळे समाजात अभिसरण होत नाही, ही बाबासाहेबांची मूळ तक्रार होती. मैदानावर ते थोडे तरी होत असेल तर त्याचे स्वागत करायला हवे.

दुसरी बाजू अशी की लिलावात पैसेवाला मालक लागतो. मालक आला की त्याचे बॅनर, त्याचा वाढदिवस, त्याची निवडणूक येते. आणि चारशे लोकांसमोर पडद्यावर ज्याच्या नावापुढे ‘अनसोल्ड’ येते, त्या सतरा वर्षांच्या पोराचे काय? त्यावर सोपा मार्ग आहे. बोलीऐवजी चिठ्ठी. खेळाडूंना त्यांच्या कौशल्यानुसार तीन गटांत वाटून प्रत्येक गटातून चिठ्ठीने संघ ठरवावेत. संघ समतोल होतात, मुले मिसळतात, कोणाची किंमत लावली जात नाही. हे करायला सॉफ्टवेअरही लागत नाही; स्टीलचा डबा पुरतो.

अठरा वर्षांखालील नावे

आपल्या स्पर्धांमध्ये नववी-दहावीतली मुले सर्रास खेळतात. त्यांची जन्मतारीख, फोटो, आधारची प्रत, पालकांचा नंबर असे सारे गोळा होते. बहुतेक वेळा ते एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले असते, जिथे दोनशे लोक असतात.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे लागू पडू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत, लागू होतील. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्याचा माग काढणे, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे नियम फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहेत असे मंडळांनी समजू नये. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा जबाबदार असतो, आणि फॉर्म तर आपण काढलेला असतो.

कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. वय तपासायला शाळेचा बोनाफाईड दाखला पाहावा आणि परत द्यावा. प्रत ठेवू नये. आधार लागलेच तर शेवटचे चार अंकच दिसतील असे झाकलेले आधार घ्यावे. मुलांचे नंबर जाहीर यादीत नसावेत.

मुलींबाबत आणखी काळजी हवी. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, त्यानंतर ‘मुलींचा सामना का नाही?’ हा प्रश्न मंडळांना टाळता येऊ नये. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या महिला सुमारे ५५ टक्केच आहेत. ज्या नोंदणीला मोबाईल आणि ओटीपी लागतो, ती नोंदणी मुलीसाठी भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवर होते. म्हणजे तिचे खेळाडू म्हणून असलेले पान तिच्या हातात नसते. आणि फोटोसह नाव, गाव, नंबर जाहीर झाले की त्रास कोणाला होतो, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. म्हणून मुलींसाठी कागदी नोंदणी चालू ठेवावी, जाहीर धावफलकावर पूर्ण नाव द्यायचे की नाही हे तिला विचारावे, आणि संपर्कासाठी एका महिला कार्यकर्तीचा नंबर द्यावा.

थेट स्कोअरवर डोळा कोणाचा

गावच्या स्पर्धेचा लाइव्ह स्कोअर पाहून कोणाला काय मिळणार, असे वाटते. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात जे उघडकीस आले ते लक्षात ठेवावे. शेत सपाट करून मैदान बनवले, शेतमजूर आणि बेकार तरुणांना सामन्यामागे चारशे रुपये देऊन नावाजलेल्या संघांच्या जर्सी घातल्या, आणि ते यूट्यूबवर ‘लीग’ म्हणून दाखवले. रशियात बसलेले लोक त्यावर सट्टा लावत होते. पंचांना वॉकीटॉकीवर सांगितले जाई की आता चौकार हवा की बळी. त्याआधी २०२० मध्ये चंदीगडजवळच्या एका गावात सामना खेळवून तो श्रीलंकेतली लीग म्हणून दाखवल्याचेही उघड झाले होते.

या प्रकरणांत मैदानावरच्या गरीब मुलांना मोबदला मजुरीचा मिळाला आणि बदनामी पूर्ण मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला; पण लपून चालणारा सट्टा कायद्याने एका दिवसात थांबत नाही. म्हणून ‘तुमची स्पर्धा फुकट लाइव्ह करतो, वर पैसेही देतो’ असे अनोळखी कोणी म्हणाला, तर पैसे कुठून येतात हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रमाणपत्राचा भ्रम

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला ते माहीत असते, पण त्याच्या अटी माहीत नसतात. पात्र प्रमाणपत्र मान्यताप्राप्त खेळाचे, मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक दर्जाच्या स्पर्धेचे असावे लागते, आणि विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी व्हावी लागते. आपल्या भागासाठी ते कार्यालय लातूरला आहे. ॲपवरून निघणारे रंगीत प्रमाणपत्र, ‘सामनावीर’चा बॅनर, लाखभर रुपयांच्या बक्षिसाची टेनिस बॉल स्पर्धा यांना त्या दारात किंमत नाही.

याच अज्ञानाचा बाजार झाला. ट्रॅम्पोलिन, टंबलिंग अशा खेळांची बनावट प्रमाणपत्रे घेऊन नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात गाजली, चौकशा झाल्या, अनेकांवर कारवाई झाली. प्रमाणपत्र विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. ज्याने जमीन गहाण टाकून ते घेतले त्याची नोकरी गेली. उद्या एखादी ‘राष्ट्रीय लीग’ सुंदर ॲप, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र आणि मोठी नोंदणी फी घेऊन वस्तीत आली, तर तिचा दर्जा ॲप पाहून ठरवू नका. क्रीडा कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: ‘हे प्रमाणपत्र पडताळणीत चालते का?’ क्यूआर कोड एवढेच सांगतो की प्रमाणपत्र त्या संघटनेने दिले आहे. ती संघटना खरी आहे, हे तो सांगत नाही.

मग गुणी मुलांनी काय करावे? शाळा-महाविद्यालयाच्या स्पर्धा, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, मान्यताप्राप्त जिल्हा संघटना हा नियमित मार्ग आहे. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव गोळाफेकीत पॅरिस पॅरालिम्पिकपर्यंत गेल्या आणि २०२४ च्या उद्घाटन सोहळ्यात देशाचा ध्वज घेऊन चालल्या. मोठ्या मैदानाची वाट आपल्या जिल्ह्यातूनही निघते. जयंतीच्या स्पर्धेने मुलगा हेरावा आणि त्या वाटेला लावावा. मंडळाची नोंद खरी उपयोगी पडते ती इथे. तीन वर्षांचे आकडे दाखवून प्रशिक्षकाला सांगता येते, ‘या मुलाला एकदा नेट्समध्ये बघा.’

मग खास सॉफ्टवेअर करायचे का?

एका मंडळाच्या एका स्पर्धेसाठी तरी नाही. बनवण्याचा खर्च एकदाच दिसतो. सर्व्हरचे भाडे, डोमेनचे नूतनीकरण, ओटीपीच्या संदेशांचे पैसे, दुरुस्ती हे दरवर्षी येते. तिसऱ्या वर्षी वर्गणी कमी पडते, डोमेन बंद होते आणि नोंदी गायब होतात. स्कोअरिंगसाठी तयार ॲप वापरावे. नोंदणी आणि हिशेबासाठी साधी स्प्रेडशीट पुरते.

पण दोन्ही जिल्ह्यांतली वीस-पंचवीस मंडळे एकत्र आली तर चित्र बदलते. एकच खेळाडू दोन संघांतून खेळतो हा वाद, तारखांची टक्कर, वयाची तपासणी, शिस्तभंगाची नोंद हे सर्वांचे सामाईक प्रश्न आहेत आणि त्यांच्यासाठी सामाईक नोंदवही उपयोगी आहे. ती बनवायला आपल्यातलेच अभियांत्रिकी शिकलेले तरुण आहेत. तेव्हा करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. सर्व नोंदी कधीही साध्या फाइलमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत. खाते व्यक्तीच्या नव्हे, मंडळांच्या समितीच्या नावावर असावे आणि किमान तिघांकडे ताबा असावा. गुणतक्त्याचा हिशेब कसा होतो हे मराठीत लिहून जाहीर असावे. आणि बनवणारा सोडून गेला तरी दुसऱ्याला काम पुढे नेता यावे, यासाठी सॉफ्टवेअरची मूळ प्रत समितीकडे असावी.

या वर्षी एवढे तरी प्रत्येक मंडळाला जमेल. पहिल्या सामन्याआधी नियमांचे एक पान छापून प्रत्येक कर्णधाराची सही घ्यावी. रोज रात्री त्या दिवसाचे धावफलक उतरवून दोन ठिकाणी ठेवावेत. स्पर्धा संपल्यावर सर्व निकालांची एक छापील प्रत विहाराच्या ग्रंथालयात जमा करावी आणि जमा-खर्च त्याच प्रतीला जोडावा. मुलांची कागदपत्रे परत करावीत किंवा फाडून टाकावीत. या कामाला एका माणसाचे नाव ठरवून द्यावे, नाहीतर ते कोणीच करत नाही.

चषक कपाटात राहतो, बॅनर पावसाळ्यात फाटतो. दहा वर्षांनी एखादी मुलगी विचारेल, ‘माझे पप्पा खरेच एवढे चांगले खेळायचे का?’ तेव्हा ग्रंथालयातून काढून दाखवायला तारीख, धावा आणि बळी लिहिलेले एक पान आपल्याकडे असले पाहिजे.